ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने सिग्नलवर यावं: हा हट्ट चूक आहे का?

पाऊलवाट

गेल्या महिन्यात मी व्हॉट्सअ‍ॅपचं खातं बंद केलं. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं नाही, खातंच पुसलं. त्याआधी पंधरा दिवस स्टेटसला लिहून ठेवलं होतं: यापुढे मी फक्त सिग्नल या चॅट अ‍ॅपवर असेन, नंबर तोच आहे. दीडशेच्या वर लोकांनी ते पाहिलं. सिग्नलवर आले अकरा जण.

घरी सगळे नाराज आहेत. "तू माणसं तोडतोयस," असं थोरल्या बहिणीने फोन करून सुनावलं. तिचं बोलणं मनाला लागलं, म्हणून इथे मांडतोय.

संदेशातला मजकूर दोन्हीकडे कुलूपबंद असतो, हे मला ठाऊक आहे. व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ साली सर्वांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणलं, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येणार नाही असं कुलूप, तेही सिग्नलचाच प्रोटोकॉल (कुलूप लावायची ठरलेली पद्धत) वापरून. म्हणजे पत्र कुणी फोडत नाही, कबूल. पण पाकिटावरच्या पत्त्याचं काय? मी कुणाशी बोललो, किती वाजता, किती वेळा, कोणत्या ग्रुपमध्ये आहे, या नोंदी मजकुरात येत नाहीत. एखाद्याच्या फोनवरून मध्यरात्री सलग चार दिवस कॅन्सरच्या डॉक्टरांना संदेश गेले, तर एक अक्षरही न वाचता त्या घरात काय चाललंय ते कळतं. २०१६ मध्येच अमेरिकेत एका चौकशीत सिग्नलकडे वापरकर्त्याची माहिती मागितली गेली. त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं, तर देणार काय?

व्हॉट्सअ‍ॅप २०१४ साली फेसबुकने घेतलं. ते उभं करणाऱ्या दोघांपैकी ब्रायन अ‍ॅक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी सिग्नल फाउंडेशनला पाच कोटी डॉलर देऊन तिथे रुजू झाले. ज्याने घर बांधलं तोच बिऱ्हाड हलवतो, ही गोष्ट मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

"सगळे तिकडे आहेत म्हणून मीही तिकडे" असं प्रत्येकजण म्हणत राहिला तर कुणीच कधी हलणार नाही. कुणीतरी आधी उठायला हवं. मी उठलो. चूक झाली का?

चांदणचुरा

हो, चूक झाली असं मला वाटतं. का ते सांगते.

माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळतं. फोनवर पटकन उत्तर द्यायची वेळ आली की ती घाबरते आणि शब्द अडकतात. पण व्हॉइस मेसेजला घाई नसते. तिच्या फोनच्या पहिल्या पानावर मी चारच चौकोन ठेवलेत. हिरव्यावर बोट ठेवलं की सगळ्यात वर पिन केलेलं माझं नाव, खाली माईक. माईक दाबून धरला की डाव्या हाताचा अंगठा थरथरतो, सुटतो आणि अर्धाच संदेश जातो. म्हणून तिला बोट वर सरकवून कुलपाच्या खुणेपर्यंत न्यायला शिकवलं. तिथे एकदा टेकलं की हात मोकळा. ही एक गोष्ट अंगवळणी पडायला तिला सात आठवडे लागले. आता ती रोज मला, मावशीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना बोलून पाठवते. कधी पहिले पाच-सहा सेकंद नुसता श्वास ऐकू येतो, मग नाव येतं.

या बाईला मी सांगू का, की आई, आता हिरवा नको, निळा दाब? बरं, मी एकवेळ सांगेनही, व्हॉइस मेसेज तिथेही आहेत. पण मावशीला कोण हलवणार? मैत्रिणींना? त्यांच्यापैकी एकीला अ‍ॅप अपडेट करायलासुद्धा नातवाची वाट पाहावी लागते.

तुम्ही उठून गेलात ते तुम्हाला चालता येतं म्हणून. ज्यांना चालता येत नाही त्यांना "इकडे यायचं असेल तर या" म्हणणं मला कठोर वाटतं. ते दीडशे लोक आळशीच होते असं कशावरून?

पाऊलवाट

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या दीडशेंत अशी माणसं असतील याचा विचार मी केला नव्हता, हे मान्य. पण बाकीच्यांचं काय? नवीन फोन आला की अर्ध्या तासात दहा अ‍ॅप टाकणारेही त्यात होतेच. आईंचं कारण ते आपलं म्हणून सांगू शकत नाहीत.

तळटीप

पाऊलवाट, तुमची काळजी खरी आहे, पण रोख थोडा चुकतोय असं वाटतं. एन्क्रिप्शन वाटेवरची राखण करतं. दोन्ही टोकांना असलेल्या घरांची नाही.

मी काम करायचो त्या एका ठिकाणी सहकाऱ्याने लॅपटॉपवर चॅट उघडी ठेवली आणि तो जेवायला गेला. परत येईपर्यंत त्याच्या घटस्फोटाची बोलणी चार जणांनी वाचली होती. अ‍ॅप कोणतं होतं याने काडीचाही फरक पडला नसता. तेव्हापासून मी आठवड्यातून एकदा लिंक्ड डिव्हायसेसची, म्हणजे आपलं खातं आणखी कुठल्या यंत्रांवर उघडं आहे त्याची, यादी उघडून पाहतो आणि नको ते काढून टाकतो.

दुसरी जागा बॅकअपची. व्हॉट्सअ‍ॅपचा क्लाउडवरचा बॅकअप आपण सांगितल्याशिवाय एंड-टू-एंड कुलूपबंद होत नाही. ती सोय २०२१ मध्ये आली आणि ती सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करायची असते, पासवर्ड ठेवून किंवा ६४ अंकी किल्ली घेऊन. किल्ली हरवली तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, म्हणून लोक त्या वाटेला जात नाहीत. आणि तुम्ही तुमचं कुलूप लावलंत तरी नऊ जणांच्या ग्रुपमधल्या एकाने लावलं नसेल, तर तुमचं बोलणं त्याच्या बॅकअपमध्ये उघडं पडलेलंच असतं.

तेव्हा अ‍ॅप बदलण्याआधी घरच्यांच्या फोनवर या दोन गोष्टी करून द्या. त्याला कुणाचीच ना नसेल.

अर्धविराम

टेलिग्रामचं नाव अजून कुणीच घेतलं नाही?

मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांचा एक ग्रुप सांभाळते, आज अडीच हजारांच्या आसपास मुलं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपला १०२४ ची मर्यादा, टेलिग्रामच्या ग्रुपला दोन लाखांची. पण आकड्यापेक्षा मोठी गोष्ट सांगते. नवीन मुलगी आज आली तरी तिला तीन वर्षांपूर्वीच्या नोट्स, प्रश्न आणि त्यांवरची भांडणंसुद्धा वर सरकवून वाचता येतात. "मॅडम, ती फाइल पुन्हा टाका ना" हे वाक्य माझ्या आयुष्यातून गेलं. शिवाय मुलींचे नंबर अनोळखी मुलांना दिसत नाहीत, सेटिंग एकदा नीट करून दिलं की झालं. आधी आम्ही दुसरीकडे होतो तेव्हा दर महिन्याला एखादी मुलगी रात्री येणाऱ्या नको त्या संदेशांना कंटाळून ग्रुप सोडायची. माझ्या दृष्टीने प्रायव्हसी म्हणजे आधी हे. परदेशातली कंपनी माझा पत्ता वाचते की नाही, ते नंतर.

पाऊलवाट

अर्धविराम, नंबर लपवायची सोय सिग्नलमध्येही २०२४ पासून आहे, युजरनेमसकट. टेलिग्रामबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण बहुतेकांना वाटतं की तेच सर्वांत सुरक्षित. टेलिग्रामची नेहमीची चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसते. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते, म्हणून तर तुम्हाला जुन्या फाइल कुठूनही उघडता येतात. सीक्रेट चॅट वेगळी सुरू करावी लागते आणि ती दोघांतच होते, ग्रुपला नाहीच. ऑगस्ट २०२४ मध्ये टेलिग्रामचे संस्थापक पावेल दुरोव्ह यांना फ्रान्समध्ये अटक झाली. त्यानंतर महिन्याभरात कंपनीने नियम बदलले: कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचा फोन नंबर आणि आयपी अ‍ॅड्रेस देऊ. तो निर्णय चांगला की वाईट यावर वाद होईल, पण द्यायला त्यांच्याकडे काहीतरी आहे हे तर उघड झालं.

अर्धविराम

ते मला ठाऊक आहे आणि मुलांनाही मी पहिल्याच दिवशी सांगते. इतिहासाच्या नोट्स गुपित नाहीत. चव्हाट्यावर बोलायच्या गोष्टी चव्हाट्यावर, घरातल्या घरात. तुम्ही एकाच जागी दोन्ही करू पाहताय, म्हणून तुम्हाला प्रत्येक जागा उणी वाटते.

जुनाजाणता

मी १९९९ पासून चॅट करतोय. आयसीक्यू, याहू मेसेंजर, एमएसएन, गूगल टॉक, बीबीएम, स्काइप. प्रत्येक वेळी "आता सगळे इथेच आहेत" असं ऐकलं. याहू मेसेंजर २०१८ मध्ये बंद झालं, बीबीएम २०१९ मध्ये, आयसीक्यू २०२४ च्या जूनमध्ये, स्काइप २०२५ च्या मे महिन्यात. प्रत्येक वेळी थोडी माणसं हातातून निसटली. एमएसएनवर एक मित्र होता, आम्ही जवळपास रोज बोलायचो. त्याचा नंबर कधी घेतलाच नव्हता, गरजच पडली नव्हती. आज तो कुठे आहे मला माहीत नाही.

म्हणून हा सगळा वाद मला वेगळ्याच जागी दुखतो. ईमेल बघा. तुमचं खातं कुठलंही असो, माझं कुठलंही असो, पत्र पोचतं. चॅटमध्येही हे होऊ शकत होतं, नव्हे झालं होतं. एक्सएमपीपी नावाचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे संदेश पोचवायची कुणालाही वापरता येणारी पद्धत, होता, आजही आहे. गूगल टॉक त्यावर चालायचं आणि २००६ पासून दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशीही त्यातून बोलता यायचं. मी माझ्या मित्राच्या घरगुती सर्व्हरवर खातं उघडून गूगलवाल्यांशी गप्पा मारल्या आहेत. पुढे २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि हळूहळू ते दार बंद झालं. व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातही त्याच प्रोटोकॉलमध्ये फेरफार करून झाली होती, फक्त बाहेरच्याला आत यायची वाट ठेवली नाही.

पाऊलवाट, तुमच्या सिग्नललाही तीच भिंत आहे. कोड खुला आहे, संस्था ना-नफा आहे, हेतू चांगला आहे, सगळं मान्य. पण सिग्नलवरून सिग्नलबाहेर बोलता येत नाही. आणि ते चालतं देणग्यांवर. २०२५ पर्यंत वर्षाचा खर्च पाच कोटी डॉलरच्या घरात जाईल, असं त्यांनीच २०२३ मध्ये लिहिलं होतं. उद्या देणग्या आटल्या तर तुमचे अकरा जण कुठे जातील?

युरोपने डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट हा कायदा आणून व्हॉट्सअ‍ॅपला दुसऱ्या अ‍ॅपसाठी दार उघडायला लावलं आहे, ही मला गेल्या वीस वर्षांतली सर्वांत आशेची बातमी वाटली. ते सगळीकडे झालं तर चांदणचुरांच्या आई हिरव्यावर राहतील, तुम्ही निळ्यावर राहाल आणि कुणाला कुणासाठी घर सोडावं लागणार नाही. भांडायचंच असेल तर त्यासाठी भांडा.

पाऊलवाट

पण सिग्नलने त्या वाटेने जायला नकार दिलाय, काका, आणि त्यांचं कारण मला पटतं. समोरचं अ‍ॅप पाकिटावरचे पत्ते साठवत असेल तर माझ्या बाजूने कितीही जपलं तरी उपयोग काय? आणि एक्सएमपीपीवर जायला माझे अकरासुद्धा येणार नाहीत.

जुनाजाणता

खरं आहे, येणार नाहीत. तरीही माझं मत बदलत नाही. बोलणं कुणाच्या मालकीचं असू नये.

नवखी

मी आत्तापर्यंत वाचत होते. मला अ‍ॅपपेक्षा निळ्या टिकांचा जास्त जाच होतो. वैयक्तिक चॅटमध्ये त्या बंद करता येतात, ग्रुपमध्ये येत नाहीत, आणि मग "वाचलंस ना, मग उत्तर का नाही दिलंस?" सुरू होतं. ज्या मैत्रिणीशी खरंच बोलायचं असतं तिला मी फोन करते.

चांदणचुरा

तळटीप यांनी सांगितलं म्हणून काल आईचा फोन घेऊन बसले. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये एक जुना संगणक निघाला, पक्षाघाताआधी ती जिथे काम करायची तिथला असावा. काढून टाकला. बॅकअपला पासवर्ड लावला आणि वहीत लिहून ठेवला.

आणि पाऊलवाट, तुमच्या पाकिटाच्या उदाहरणाने रात्री झोप लागली नाही. आईचे सगळे रिपोर्ट, मेंदूचे स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्या मी दोन वर्षं दादाला आणि डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत आले. दादा शिकलेला आहे, त्याचे हात धड आहेत. त्याला म्हटलं, आपलं दोघांचं यापुढे सिग्नलवर. आधी कुरकुरला, पण घेतलं. हट्ट अजूनही चूकच वाटतो मला. ज्याला हलता येतं त्याच्यापाशीच करावा एवढंच.

पाऊलवाट

एवढं मला पुष्कळ आहे. व्हॉट्सअ‍ॅप मी आज परत घेतलं, आजोबा आणि काकूंसाठी. दोघांची नावं पिन करून ठेवली आहेत आणि एकाही ग्रुपमध्ये नाही. बाकीच्यांनी विचारलं तर उत्तर जुनंच आहे. ताई, दादांबरोबरच्या चॅटला गायब होणारे संदेश लावले आहेत का? चार आठवड्यांवर ठेवलेत तर रिपोर्ट वाचायलाही वेळ मिळतो आणि मागे काही राहत नाही. फक्त जपून ठेवायचे कागद आधी बाजूला काढून घ्या.

चांदणचुरा

लावले, चार आठवडेच. स्कॅनची फाइल आधी पेनड्राइव्हवर घेतली. आईचा हिरवा चौकोन होता तिथेच आहे.