पूर्ण नाव विचारण्याआधी (अनुभव धागा)

बांधावरची

अनोळखी माणसाशी बोलायला आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. एसटीत बूड टेकलं की 'कुठले तुम्ही?' सुरू होतं. घोळ दुसऱ्या प्रश्नात आहे. 'आडनाव काय?' त्याचं उत्तर मिळालं की पुढचं सगळं आधीच माहीत असल्यासारखे दोघे खिडकीबाहेर बघायला लागतात. हा धागा त्या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेसाठी. आडनाव कळूनही गप्पा थांबल्या नसतील तर तेही लिहा. फक्त तुम्ही समोरच्याला कसं पटवलंत ते नको, काय ऐकलंत ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मैत्रिणीच्या लग्नाला पुण्याहून बीडला निघाले होते. आष्टीच्या अलीकडे टायर बसला. शेजारच्या बाई आणि मी बाभळीखाली टेकलो. "तू कुठं चालली गं?" इथून सुरुवात. त्या ऊसतोडीला गेलेल्या. मुलीचे दहावीचे पेपर होते म्हणून पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आत, चार दिवसांचा खाडा करून निघाल्या होत्या. खाडा म्हणजे मजुरी तर जातेच, वर मुकादमाच्या वहीत दंड चढतो. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवराबायकोच्या नावावर मिळून, कारण 'एक कोयता' म्हणजे दोघं. रात्री तीनला फडात जायचं, बाप्यानं तोडायचं, बाईनं मोळी बांधून डोक्यावरून फळीनं ट्रकात चढवायची. दोन लेकरांनंतर गर्भपिशवी काढून टाकली, हे त्यांनी दाढ काढल्यासारखं सांगितलं. त्यांना राग वेगळ्याच गोष्टीचा होता, वाढ्यांचा (उसाचे हिरवे शेंडे, बैलाचा चारा). "बागायतदार वाढे फुकट मागत्यात. इतकी जमीन असून आमच्या बैलाच्या तोंडचं कशाला पाहिजे?"

कराडजवळ आमचा चार एकर ऊस आहे. दरवर्षी टोळी येते, ओढ्याकाठी त्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात आणि वाढे मागायला आमचे बाबा स्वतः जातात. मी लहानपणापासून त्या कोप्या गच्चीवरून बघितल्यात, जवळून एकदाही नाही. गप्प बसता आलं असतं, पण सांगून टाकलं. बाईंनी पदर सारखा केला. "म्हंजे तुम्ही मालकीण की." मगाशी 'तू' होते, ते बीड येईपर्यंत परत झाले नाही. बोलत मात्र राहिल्या.

चौथी सीट

हे 'तू'चं 'तुम्ही' होणं फार ओळखीचं आहे. माझी गोष्ट लाजिरवाणी आहे, आधीच सांगते.

डोंबिवली ते भायखळा, लेडीज डबा, अठरा वर्षं. मटार सोलणं, दसऱ्याला डब्याला तोरण, हळदीकुंकू, सगळं केलं. आणि मुंब्रा जवळ आलं की आमच्या ग्रुपमध्ये "आता घुसतील" हेही म्हटलं. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या दंगलीनंतर मुंबईतून उठून किती कुटुंबं मुंब्र्याला आली, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. त्यातलं कुणी शेजारी बसून बोललेलं नव्हतं.

एकदा मुंब्र्याला चढलेल्या बुरख्यातल्या बाईंनी मला विचारलं, "खंय उतरतंस?" मी चक्रावले. त्या रत्नागिरीकडच्या. सांदणं कशी फुगवायची यावरून आमचा कुर्ल्यापर्यंत वाद झाला (फणसाचा रस किती, हा मूळ मुद्दा. माझंच बरोबर आहे). उतरताना मी अगदी मनापासून म्हणाले, "तुमचं मराठी किती छान आहे!" त्या म्हणाल्या, "माझंच आहे, छान असणारच. तुमचंही बरं आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्यासाठी जागा धरली होती.

निळी शाई

धागाकर्तीचा हेतू चांगला आहे. तरी एक खुपतं. 'ऐकलं पाहिजे' हे नेहमी न ऐकणाऱ्यांना नव्यानं सुचतं. आम्ही कायम ऐकतच आलो आहोत. पुण्यात भाड्यानं खोली शोधताना फोनवर सगळं जमायचं, मग "पूर्ण नाव?" आणि मग "घरच्यांशी बोलून कळवतो". अशा वेळी आडनावापाशी थांबून पुढच्याचं शंकानिरसन करायचं काम दरवेळी मीच का करायचं? म्हणून ट्रेनमध्ये मी कानात इअरफोन घालून बसतो. गाणी चालू नसतात.

तरी एक सांगतो. ६ डिसेंबरला वाशिमची आत्या दरवर्षी दादरला येते. शिवाजी पार्कजवळच्या एका इमारतीच्या भिंतीला टेकून आम्ही भाकरी खात होतो. वरून एक आजी काठी टेकत खाली आल्या. गर्दी, कचरा, आवाज, असं काहीतरी ऐकावं लागणार म्हणून मी जबडा आवळून तयार. आजी आत्याला म्हणाल्या, "एवढ्या लांबून दरवर्षी कशाला हो येता?" आत्या म्हणाली, "तुमी तुमच्या बापाचं वर्षश्राद्ध घालत नाई का?"

आजी कठड्यावर बसल्या. छप्पन साली त्या चौथीत होत्या. ७ डिसेंबरची अंत्ययात्रा त्यांनी याच गच्चीतून पाहिली होती. त्यांच्या आईनं सांगितलं होतं, खाली जाऊ नकोस. "इतकी माणसं रडताना मी परत कधी पाहिली नाहीत," म्हणाल्या. आत्याचा तेव्हा जन्म झाला नव्हता. तिनं भाकरी खाली ठेवली आणि खोदून खोदून विचारायला लागली. फुलं होती का, बायका किती होत्या, पाऊस होता का. तासभर तरी. मी एक शब्द बोललो नाही.

आजींनी आडनाव सांगितलं नाही, आत्यानं विचारलं नाही. घरात मात्र बोलावलं नाही, हेही लिहून ठेवतो.

उत्तरेचा वारा

कोपनहेगनमधून. इथे २००० साली 'मानवी ग्रंथालय' सुरू झालं. पुस्तकाऐवजी माणूस घेऊन बसायचं आणि एरवी विचारायची लाज वाटते तेच विचारायचं. मी गेलो होतो, चांगलं आहे. पण पाच मिनिटांत पगार विचारणाऱ्या माणसाला त्यात नवीन काय शिकवणार?

जुना माग

भिवंडी. १९८४ च्या दंगलीत मी सहावीत होतो. आमचे चार माग, कांड्या भरणारे दोघे मुसलमान, तागे नेणारा व्यापारी मारवाडी. नंतर धंदा परत सुरू झाला, बोलणं कामापुरतं उरलं.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. दोन्हीकडची माणसं आणि हवालदार एका सतरंजीवर. वडिलांना ओढूनच नेलं होतं. परत आल्यावर आईनं विचारलं, काय ठरलं? "काही नाही. गटारावर बोललो." पुढच्या वेळी नळाचं पाणी. त्याच्या पुढच्या वेळी कुणाचा पोरगा कुणाच्या ओट्यावर रात्री पत्ते खेळतो. धर्म, सलोखा हे शब्द घरी कधी ऐकले नाहीत. वडील चिडायचे, वेळ फुकट जातो म्हणून, पण जायचे.

डिसेंबर ९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या रात्री आमच्या नाक्यावर वडील आणि कमिटीतले एक हाजीसाहेब खुर्च्या टाकून बसले होते. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते गटारावरूनच भांडत होते.

बांधावरची

@निळी शाई, तुमचा मुद्दा वाचून दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं. घरात बोलावलं नाही, हे आम्हालाही लागू आहे.

आणि कुणीतरी व्यनित (खासगी निरोपात) विचारलंय, त्या बाईंचं नाव काय? आडनाव विचारायचं नाही हे इतकं जपलं की नावही राहिलं.

दिवाळीनंतर गावी जाणार आहे. टोळी आलेली असेल. ओढ्याकडे जाऊन येईन आणि इथे लिहीन.

निळी शाई

लिहा. वडिलांना सांगा, वाढ्यांचे पैसे द्या म्हणावं.