सिपानी डॉल्फिनची घडण अशी का?

प्रश्न (निपाणी)

नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या नातेवाइकांकडे १९८० च्या दशकातील सिपानी डॉल्फिन ही छोटी मोटारगाडी पडवीत उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा आमचा विचार आहे. तिचे नाक आखूड आहे, इंजिन मात्र मागे सरकून चालकाच्या पायांजवळ आत शिरले आहे. दारे दोनच, आणि अंगावर पत्रा नसून सर्व फायबर (काचतंतू आणि रेझिन) आहे. हा आकार मुळात कोणी आणि कशासाठी आखला, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)

डॉल्फिन बंगळूरला तयार होत असे, परंतु तिचे मूळ इंग्लंडमधील टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीच्या किटन या १९७५ च्या गाडीत आहे, आणि किटनचे मूळ १९७३ च्या तीनचाकी रॉबिनमध्ये. तेथे ठरावीक वजनाच्या आतील तीनचाकीला मोटारसायकलीप्रमाणे कमी कर लागे आणि ती मोटारसायकलीच्या परवान्यावर चालवता येत असे. त्यामुळे गाडी हलकी ठेवणे ही कंपनीची पहिली गरज होती. पुढे एकच चाक असल्याने इंजिन त्याच्या मागे, म्हणजे जवळजवळ बैठकीत, बसवावे लागले. किटनला पुढे दोन चाके देताना नाक रुंद केले, पण मागचा बहुतेक साचा तोच राहिला. तुम्हाला जे विचित्र वाटते, ते त्या वगळलेल्या तिसऱ्या चाकाचे उरलेले रूप आहे.

इंजिनाची कथाही याच गरजेची आहे. ऑस्टिन सेव्हन या जुन्या इंग्रजी छोट्या गाडीचे जे इंजिन कंपनी वापरत होती, ते मिळेनासे झाले तेव्हा रिलायंटने त्याच धर्तीचे स्वतःचे इंजिन बनवले, आणि १९६२ मध्ये त्या जागी संपूर्ण ॲल्युमिनियमचे नवे आणले. तेच वाढत ८४८ सीसीचे झाले व डॉल्फिनमध्ये आले.

उत्तर (बेळगाव, कॅम्प)

वरील माहितीत आखणीकाराचे नाव जोडतो. रॉबिनचा आकार ओगल डिझाइन या इंग्लंडमधील आखणी-संस्थेच्या टॉम कॅरन यांच्या हाताखाली ठरला. व्हिएन्नात जन्मलेल्या याच गृहस्थांनी १९७० ची पाचरीच्या आकाराची, केशरी रंगाची बॉन्ड बग ही तीनचाकी आखली. मला त्यांच्या कामाचे मोल यासाठी वाटते की गाडी हलकी आणि स्वस्त असलीच पाहिजे ही अट त्यांनी लपवली नाही, तिच्यातूनच रूप काढले. फायबरचे कारणही तेच. पत्र्याच्या बॉडीसाठी लागणारे प्रेस आणि डाय (पत्रा दाबून आकार देणारी यंत्रे व त्यांचे साचे) प्रचंड महाग पडतात व मोठ्या संख्येवरच परवडतात, तर फायबरला साचा आणि कुशल हात पुरतात. म्हणूनच सिपानी या बंगळूरच्या छोट्या कारखान्याला १९८० च्या दशकात ती गाडी पेलवली. त्या कारखान्याची आधीची तीनचाकी बादलही फायबरचीच होती. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि स्वस्त पत्र्याच्या गाडीपुढे हा हिशेब टिकला नाही.

उत्तर (खानापूर)

आमच्याकडील पावसात फायबर गंजत नाही, पण त्याखालची लोखंडी चॅसी (गाडीचा सांगाडा) गंजते, म्हणून बॉडी जिथे बोल्टने जोडली आहे त्या जागा आधी तपासाव्यात. भेगांवर नुसती पुट्टी भरू नये. आतून घासून रेझिन आणि मॅट (काचतंतूंची चटई) द्यावी. इंजिन ॲल्युमिनियमचे व लायनर ओले (म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागणारे) असल्याने रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी न घालता कूलंटच वापरावे, आणि चालू करण्यापूर्वी इंजिनाचे हेड उघडून त्याखालचे गॅस्केट (गळती रोखणारा थर) पाहावे.