आइसलँड : आईबाबांना घेऊन जूनमधे जातोय, रिंग रोड करावा का? सल्ला हवाय

घाटमाथा :
नमस्कार मंडळी. आम्ही नेदरलँड्सला असतो, जूनमधे आईबाबा साताऱ्याहून येतायत आणि त्यांना घेऊन आठवडाभर आइसलँडला जायचं चाललंय. बाबा इतिहासाचे रिटायर्ड शिक्षक, नुसते धबधबे दाखवून त्यांचं समाधान होणार नाही, तिथली माणसं इतकी वर्षं कशी राहत आली हे त्यांना बघायचंय. आईचे गुडघे दुखतात आणि ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. नवऱ्याचं म्हणणं एवढे पैसे घालून जातोय तर अख्ख्या बेटाला चक्कर मारूनच येऊ. गाडी आम्ही दोघंही चालवतो. काय करावं? आणि नॉर्दर्न लाइट्स दिसतील का?

पायवाट :
रिंग रोड बिनधास्त करा. सव्वातेराशे किमी आहे, रस्ता मस्त, जूनमधे अंधारच पडत नाही त्यामुळे रात्री दहालाही गाडी चालवता येते. उत्तरेला मीवत्नचं तळं आणि हुसाविक गावचे व्हेल सोडू नका.

उत्तरवारा :
मी इथे राजधानीत, रेक्याविकमधे राहते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पायवाट यांचं तरुण जोडप्यासाठी बरोबर आहे पण गुडघे दुखणाऱ्या आईंना घेऊन आठवड्यात रिंग रोड करू नका. रोज हॉटेल बदला, बॅगा भरा, चार-पाच तास गाडीत बसा, आणि एक दिवस वारा सुटला की पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. इथला वारा गंमत नाही. गाडी पार्क करताना तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि दार उघडताना हातात घट्ट धरून उघडा, वाऱ्याने दार उलटं फिरून वाकतं आणि भाड्याच्या गाडीच्या इन्शुरन्समधे हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही.

माझं मत : दक्षिण बाजू धरा, दोनच मुक्काम ठेवा, एक रेक्याविकला आणि दुसरा दक्षिण किनाऱ्यावरच्या वीक ह्या गावी किंवा त्याच्या आसपास. नॉर्दर्न लाइट्स जूनमधे विसरा, आकाश काळं होतच नाही, त्यासाठी सप्टेंबर ते एप्रिल. झोपायला डोळ्यांवरची पट्टी मात्र आणा.

आता बाबांसाठी. थिंगवेलिरला अर्धा दिवस द्या, टूरवाले पाऊण तासात उरकतात तसं नको. इ.स. 930 पासून इथे दर उन्हाळ्यात सगळ्या देशाची सभा भरायची, कायदे लिहिलेले नव्हते तेव्हा एक माणूस ते तोंडपाठ म्हणायचा, दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत सगळे कायदे लोकांच्या कानावरून जायचे. साधारण इ.स. 1000 ला ख्रिश्चन व्हायचं की जुने देव ठेवायचे यावरून देश फुटायची वेळ आली तेव्हा निवाडा ज्याच्यावर सोपवला तो थोरगेर एक दिवस-रात्र अंगावर पांघरूण घेऊन पडून राहिला आणि मग बाहेर येऊन निर्णय सांगितला, स्वतः जुन्या देवांचा असून सगळ्यांनी ख्रिश्चन व्हायचं असा. आणि 17 जून 1944 ला डेन्मार्कपासून वेगळं होऊन प्रजासत्ताक जाहीर केलं तेही ह्याच जागी. तारीख जुळली तर 17 जूनला रेक्याविकमधेच थांबा, मिरवणुका असतात, लहान पोरं झेंडे घेऊन रस्त्यावर असतात.

रेक्याविकमधे एड्डा नावाच्या नव्या इमारतीत जुनी हस्तलिखितं ठेवलीत, वासराच्या कातड्यावर लिहिलेली. ती कित्येक शतकं डेन्मार्कमधे होती, 1971 मधे पहिली दोन परत आली तेव्हा बंदरावर हजारोंची गर्दी लोटली होती. बाबांना सांगा, पुस्तकं परत आली म्हणून बंदरावर जमणारे लोक आहेत हे.

खडीसाखर :
खाण्याचं मी सांगते, आमच्याही घरी सासूबाई शाकाहारी. किचन असलेली जागाच घ्या, बाहेर खाणं फार महाग. बोनस किंवा क्रोनन ह्या दुकानांतून भाजी, ब्रेड, दही सगळं मिळतं. टोमॅटो-काकडी इथलीच असते, जमिनीतल्या गरम पाण्यावर आणि वर्षभर दिवे लावून काचघरात पिकवतात. गोल्डन सर्कल म्हणजे रेक्याविकहून टूरवाले नेतात तो नेहमीचा फेरा, त्याच्या वाटेवर फ्रिदहेमारला अशा काचघरातच बसून टोमॅटो सूप आणि ब्रेड खाता येतो, वेलींच्या मधेच टेबलं, आधी बुकिंग करा. स्कीर म्हणजे आपल्या चक्क्यासारखं, पण त्यात रेनेट (दूध घट्ट करायला वापरतात ते, बरेचदा वासराच्या पोटातलं) असू शकतं तेव्हा पाकिटावरचं वाचून घ्या. लाउगारवत्नला तळ्याकाठच्या गरम वाळूत डबा पुरून चोवीस तासांनी राईचा ब्रेड काढतात, फावड्याने वाळू बाजूला केली की खालून बुडबुडे येत असतात, ब्रेड काळपट, गोडसर, लोण्याबरोबर गरम गरम. आईंना हे नक्की आवडेल.

पायवाट :
उत्तरवारा, गुडघ्यांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, मग दक्षिणच बरी. योकुलसारलोनचं हिमखंडांचं तळं मात्र घ्या, रेक्याविकहून पावणेचारशे किमी आहे पण वीकला मुक्काम असेल तर जाऊन येता येतं.

घाटमाथा :
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! नवऱ्याला धागा वाचायला दिला, तोही मान्य झालाय. अजून दोन गोष्टी. ज्वालामुखीचं काहीतरी बाबांना दाखवायचंय, ग्रिंडाविकच्या बाजूला जाता येतं का? आणि तिथल्या गरम पाण्याच्या स्विमिंग पूलमधे म्हणे कपडे न घालता अंघोळ करावी लागते, आईला कसं सांगू?

उत्तरवारा :
ग्रिंडाविक गाव नोव्हेंबर 2023 मधे रिकामं केलं, त्यानंतर त्या भागात परत परत उद्रेक झालेत, तेव्हा निघायच्या दिवशी सेफट्रॅव्हल ही प्रवाशांसाठी सुरक्षेच्या सूचना देणारी साइट बघून ठरवा, आधी प्लॅन करू नका.

त्यापेक्षा दक्षिण किनाऱ्यासमोरच्या हेइमाए बेटावर जा. 23 जानेवारी 1973 ला मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेलाच जमीन फाटली. आदल्या दिवशी वादळ होतं म्हणून मासेमारीच्या सगळ्या बोटी बंदरातच होत्या, त्याच बोटींनी पाच हजारांवर माणसं एका रात्रीत बाहेर काढली. चारशेच्या आसपास घरं गेली. पण लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला तेव्हा लोकांनी पंप लावून महिनोन्‌महिने त्याच्यावर समुद्राचं पाणी मारलं आणि बंदर वाचवलं. नंतर त्याच लाव्हाच्या उष्णतेवर कितीतरी वर्षं घरं गरम केली. एल्डहेमार म्युझियममधे राखेतून उकरून काढलेलं एक घर जसंच्या तसं आहे, भिंती वाकलेल्या, छत खचलेलं. जूनमधे बेटावर पफिन, म्हणजे रंगीत चोचीचे समुद्रपक्षीही असतात.

वीकच्या पुढे हायवेच्या दोन्ही बाजूला मैलोन्‌मैल हिरव्या शेवाळ्याचा लाव्हा लागेल, तो 1783 च्या लाकी उद्रेकाचा. त्या विषारी वायूंनी गवत नासलं, गुरं-मेंढ्या मेल्या आणि मागोमाग दुष्काळ, देशातली पाचवा हिस्सा माणसं गेली. तिथे थांबा पण शेवाळ्यावर पाय देऊ नका, तुटलेलं भरून यायला दशकं लागतात.

अंघोळीचं खरं आहे. पाण्यात क्लोरीन कमी ठेवतात म्हणून साबण लावून, स्विमसूट न घालता अंघोळ करूनच आत सोडतात, बायकांचं वेगळं असतं अर्थात. कोणी कोणाकडे बघत नाही, आज्या, शाळकरी मुली सगळ्या तशाच. बऱ्याच ठिकाणी आडोशाची सोयही असते, काउंटरवर विचारा. आत अंगभर स्विमिंग ड्रेस चालतो, साधे कॉटनचे कपडे नाही. पण टाळू नका हो, 40 डिग्रीच्या गरम टाकीत गळ्यापर्यंत बसायला मिळालं की गुडघ्यांना जे बरं वाटतं ते त्यांनाच विचारा. आणि इथल्या माणसांशी बोलायचं असेल तर तीच जागा, संध्याकाळी सगळा मोहल्ला तिथे असतो.

दोन काळज्या घ्याच. वीकजवळच्या रेनिस्फ्यारा किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका, शांत वाटत असताना एकदम मोठी लाट आत येते, माणसं वाहून गेलीत तिथे. आणि रस्त्याच्या एका बाजूला मेंढी, दुसऱ्या बाजूला कोकरू दिसलं की गाडी अगदी हळू करा, कोकरू आईकडे धावतंच.

घाटमाथा :
आईला फोनवर सांगितलं, म्हणाली गरम पाणी आहे ना, मग बघू. हेइमाएला गाडी घेऊन जावं का?

उत्तरवारा :
आईंचे गुडघे बघता न्या, गाव छोटं असलं तरी म्युझियम चढावर आहे. लँडेयाहोफन बंदरातून फेरी, साधारण चाळीस मिनिटांत पोचते. गाडीची जागा माणसांच्या तिकिटाबरोबर आत्ताच बुक करा, जूनमधे लवकर भरतात. समुद्र फार खवळला तर फेरी दुसऱ्या बंदरातून सुटते आणि वेळ बराच जास्त लागतो, म्हणून हा दिवस ट्रिपच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका.