मदत हवी आहे : इंदूरमध्ये पेनिसिलिनच्या ॲलर्जीची तपासणी कुठे होते?

नमस्कार मंडळी, आम्ही रामबागेत राहतो. आठ वर्षांच्या लेकीचा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा घसा धरलाय. टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मऊ वरणभातही गिळवत नाही. आधी दोन्हीदा ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. चार दिवस बरं, की पुन्हा ताप. आता कल्चर (घशातला जंतू वाढवून तपासणं) केलं : स्ट्रेप्टोकोकस हा जंतू, एरिथ्रोमायसिनपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा), म्हणजे त्याच जातीचं ॲझिथ्रोही निकामी. पेनिसिलिन या जंतूवर अजून चालतं. पण दीड वर्षाची असताना ॲमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच जातीचं औषध) चालू होतं तेव्हा पुरळ उठलं, आणि फाइलवर लाल शाईने ‘ॲलर्जी’ लिहिलं गेलं ते कायमचं. अशी बरीच मुलं तपासल्यावर ॲलर्जिक निघतच नाहीत. इथे ही तपासणी कोण करतं? लवकर कळवा हो. माझ्या मावशीच्या हृदयाची झडप असल्याच घशापायी गेली, फार धास्ती वाटते.