नखाने उघडणाऱ्या पणत्या विकायच्या नाहीत म्हटलं, तर माझं चुकलं का?

पणतीवाली (धागा)
मेलबर्नच्या पश्चिमेला एका भेटवस्तूंच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस काउंटरला असते. दिवाळीचा माल आला, त्यात बॅटरीवर लुकलुकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्या. सहज एक उलटी करून बघितली. तळाला झाकण आहे, पण स्क्रू नाही. अंगठ्याचं नख लावलं की टक्कन सरकतं आणि सेल हातात. सीआर २०३२, म्हणजे इथल्या दोन डॉलरच्या नाण्याएवढा चपटा बटन सेल.

ऑस्ट्रेलियात २२ जून २०२२ पासून बटन सेलसाठी सक्तीचा नियम आहे: झाकण लहान मुलाला उघडता येता कामा नये, सुट्या सेलचं पाकीट त्याला फोडता येता कामा नये, वर ठळक इशारा हवा. असा नियम करणारा हा पहिला देश, आणि तोही असे सेल गिळून तीन मुलं गेल्यावर.

मालकांना दाखवलं. म्हणाले, "दिवाळी झाली की बघू." मी पाकिटं आतल्या खोलीत नेऊन ठेवली, त्यांनी परत मांडली. परवा एका आजींना मी हळूच "ह्या नका घेऊ" म्हटलं. आजी गेल्या आणि मी बोलणी खाल्ली.

काका_दुकानवाले
ताई, राग मानू नका, पण मालकाच्या काउंटरला उभं राहून गिऱ्हाईक परतवायचं म्हणजे अतीच झालं. माझंही छोटं दुकान आहे. बनवणारा एक, आयात करणारा दुसरा, आणि दोन-चार डॉलर सुटतात म्हणून धरायचं मला? पुरवठादार कागद देतो, त्यावर विश्वास ठेवायचा की प्रत्येक पणती उलटी करत बसायचं? खऱ्या तेलवातीनं पडदे पेटतात, त्यावर कुणी नियम काढत नाही. घरातलं पोर आईबापांनी सांभाळायचं असतं.

रात्रपाळी
काका, मी मुलांच्या इमर्जन्सीत नर्स आहे. "सांभाळायचं" म्हणता, पण गिळताना बहुतेकदा कुणी बघितलेलंच नसतं. मूल लाळ गाळतं, जेवत नाही, खोकतं. सर्दी वाटते. एक्स-रेत नाण्यासारखं गोल दिसतं, नीट बघितलं तर कडेला दुहेरी वर्तुळ.

आणि सेल फुटून भाजत नाही. अन्ननलिकेच्या ओलाव्यात दोन टोकांमधून वीज वाहते आणि ऋण बाजूला अल्कली तयार होऊन मांस जळतं. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. पणती विझली म्हणजे सेल मेला असंही नाही, तेवढी वीज उरलेली असते. शंका आली तरी लगेच १३ ११ २६ ला (इथली विषबाधेची हेल्पलाइन) फोन करा, उलटी करवू नका.

अर्धवेळ_हमाल
नियम बरोबर आहे, पण तो पाळायचा भार कुणावर पडतो ते बघा. मी विद्यार्थी, व्हिसामुळे कामाला पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा, एवढ्यात भाडं निघतं. आम्हाला दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवून सही घेतली. परत आलेलं फाटकं सेलचं पाकीट टेप मारून फळीवर ठेवायचं का, हे त्यात नव्हतंच. मी विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, "कॉमन सेन्स वापर." वापरला आणि टेप मारून ठेवलं. आता हे वाचून पोटात गोळा आलाय.

पणतीवालीताई, तुम्ही केलंत ते बरोबर, पण उद्या शिफ्ट कमी झाल्या तर आम्हा सगळ्यांना शहाणपण शिकवू नका.

पेठेतला
तुमच्याकडे निदान भांडायला नियम तरी आहे. आमच्याकडे घड्याळवाला चिमट्यानं सुटा सेल काढून कागदाच्या पुडीत देतो. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचं झालं, पण पणती काय खेळणं आहे? पोराला मात्र तीच हातात हवी असते.

पणतीवाली
@काका, कागद बघायचाच, पण नखाला कागद कशाला लागतो? आणि इथला कायदा विकणाऱ्यालाही पुरवठादारच धरतो. कंपनीला दंडाची कमाल मर्यादा निदान ५ कोटी डॉलर आहे. मालकांना हाच आकडा सांगितला, मग ऐकलं. मुलांचं सांगितलं तेव्हा नव्हतं ऐकलं, ह्याचं वाईट वाटतं.

@अर्धवेळ_हमाल, शिकवत नाही रे. माझ्याही दोन शिफ्ट गेल्या ह्या आठवड्यात. ते पाकीट उद्या काढून ठेव.

काका_दुकानवाले
पटलंय असं म्हणत नाही. पण गोदामातला खोका उघडला. सहापैकी चार नखाने निघाल्या. पुरवठादाराला फोन केलाय, तो उचलत नाही. आता हे सेल टाकायचे कुठे?

रात्रपाळी
एकेका सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि बॅटरी रिसायकलिंगच्या डब्यात टाका. घरच्या कचऱ्याच्या पेटीत नको. आणि काढताना मोजा, काका. किती निघाले आणि किती टाकले.