गृहीतकाचे प्रश्न हमखास चुकतात, 'तर' आणि 'तरच' कसं ओळखायचं?

नमस्कार. मी अमळनेरची, बारावी कला शाखेत आहे. पाच वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची लॉ सीईटी मराठी माध्यमातून देणार आहे. २०२४ पासून १५० ऐवजी १२० प्रश्न झालेत, वेळ १२० मिनिटं. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून मी काही कोरं सोडत नाही. पण तर्काच्या ३२ प्रश्नांतच माझे सगळ्यात जास्त गुण जातात. नातेसंबंध, दिशा, अक्षरमाला जमतं. विधान आणि गृहीतक (विधानात न सांगता धरून चाललेली गोष्ट) आलं की अडते.

काल सोडवलेला प्रश्न असा होता:

विधान: गिरणा धरण भरलं आहे, तेव्हा यंदा चाळीसगावला टंचाई भासणार नाही.
(अ) चाळीसगावला गिरणा धरणाचं पाणी मिळतं.
(ब) गेल्या वर्षी टंचाई होती.
(क) धरण भरलं तरच टंचाई टळते.

मी 'क' निवडला. उत्तर 'अ' निघालं. आईला नुसतं विधान वाचून दाखवलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "धरन भरनं म्हणजे घरमा पानी उनं आसं नही." (धरण भरलं म्हणजे घरात पाणी आलं असं नाही.) तिला जे लगेच दिसलं ते मला का दिसत नाही? आणि 'क' नेमका कुठे चुकतो? क्लास लावणं सध्या शक्य नाही, कृपया कुणी समजावून सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी धुळ्याचा, लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मीही यातच अडकायचो. पर्याय उलटा करून विधानाशेजारी ठेव. 'अ' उलटा कर: चाळीसगावला गिरणेचं पाणी मिळतच नाही. मग धरण भरलं काय, न भरलं काय, विधान कोसळलं. म्हणजे ते गृहीतक. आता 'क' उलटा कर: धरण न भरताही टंचाई टळू शकते, समजा टँकरने. तरी विधान उभंच राहतं. बोलणारा 'भरलं तर पुरेल' एवढंच म्हणतोय, 'तरच' तू घातलास. पर्यायात तरच, फक्त, नेहमी, कधीच दिसलं की थांबून हे करून बघायचं. आईने केलं ते हेच, धरण आणि घर यांच्यामधली गाळलेली पायरी शोधली.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. जुने चुकलेले अकरा प्रश्न आत्ता असे उलटून पाहिले, सात बरोबर आले. उरलेल्या चारांत दोन-दोन गृहीतकं आहेत, 'दोन्ही' असा पर्याय असलेली. त्यात दोन्ही वेगवेगळी उलटायची की एकत्र?