आजोबांच्या पेटीत जुनं पॉकेट रिव्हॉल्वर निघालं, ठेवता येते का?

महालवाला: नमस्कार मंडळी. आमचा नागपूरच्या महाल भागातला वाडा रिकामा करून राहिलो, तर आजोबांच्या पेटीत बहीखात्यांखाली मेणकापडात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्वर निघालं. एवढंसं, तळहातात मावते. चापाला गार्डच नाही, चाप पुढे दुमडून बुडाला चिकटतो, अन् सिलिंडरच्या मागच्या कडेला प्रत्येक भोकावर एक बारीक खाच. कंपनीचं नाव कुठेच नाही, फक्त अंडाकृतीत ई-एल-जी अन् खाली चांदणी. काका म्हणतात शंभर वर्षांवरची वस्तू आहे, लायसन कायले लागते, शोकेसमध्ये ठेव. मलाही अशा जुन्या रिव्हॉल्वरांचा संग्रह करायची लय हौस आहे. बाहेरच्या लिलावांचे भाव पाहून तर डोळेच फिरले. काय करू?

गंजलेला घोडा: भाऊ, हे पिनफायर आहे. त्या काडतुसाच्या बुडाशी बाजूने एक पितळी पिन निघालेली असायची, ती खाचेतून वर डोकवायची अन् घोडा वरून तिच्यावर आपटला की आतली टोपी फुटायची. पद्धत फ्रान्सच्या लफोशो नावाच्या बंदूक बनवणाऱ्याची, तिथल्या नौदलाने १८५८ चं मॉडेल घेतलं, मग बेल्जियमच्या लिएजवाल्यांनी खिशातले लहान नग ढिगानं काढले. ई-एल-जी हा लिएजच्या चाचणीघराचा शिक्का, बनवणाऱ्याचं नाव नाही. १८९३ पासून त्यावर मुकुट आला, तुमच्यात नसेल तर त्याआधीचं समजा. बिननावाच्या बेल्जियन मालाला फार भाव नसतो बरं का. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीच्या १८४९ च्या पॉकेट मॉडेलचे तीन लाखांवर नग निघाले तरी लोक त्यामागेच धावतात, नावाचा महिमा. अन् ब्रासो अजिबात मारू नका, जुना तपकिरी थर गेला की संग्राहक ढुंकून पाहत नाही.

सदरचे वकीलसाहेब: काकांचं ऐकू नका. आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण जे जुनं किंवा मोडकं हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही त्यालाच. नुसतं वय पुरत नाही. काडतूस बाजारात मिळत नाही हे ठाण्यात सांगून भागणार नाही. आधी आजोबांचं लायसन शोधा, मग ओळखीचा वकील घेऊन ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा, वारस म्हणून अर्ज नंतर पोलीस आयुक्तांकडे. पिशवीत घालून इतवारी बाजारात भाव विचारत फिरू नका. अन् संग्रहाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, वारशाची धरून. बाहेरच्या लिलावाचं तर विसराच, शंभर वर्षांवरच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाहीत.

संत्रा बर्फी: एवढी झंझट कोण करते बावा, नाग नदीत टाक ना

सदरचे वकीलसाहेब: असले सल्ले देऊ नका हो, उद्या कोणाच्या हाती लागलं म्हणजे?

गंजलेला घोडा: हौसच असेल तर अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या संग्रहालयात, हत्यारांचं दालन आहे, तिथं जाऊन मनसोक्त पाहा. मी स्वतः जुने कॅटलॉग अन् जाहिरातीच जमवतो, बायकोही खूश.

महालवाला: धन्यवाद मंडळी. बहीखात्यात जुन्या सी.पी. अँड बेरार प्रांताच्या शिक्क्याचं लायसन मिळालं, पण त्यात रिव्हॉल्वर नाहीच, बारा बोअरची बंदूक लिहिली आहे.

सदरचे वकीलसाहेब: मग ती बंदूक कुठे आहे?